थंडीतला गोठा: रोजच्या कामातून लहान आनंद कसे वेचावेत

निफाड तालुक्यात पौषातल्या पहाटे पाच वाजता अंथरुणातून उठून गोठ्याकडे जाणे हे सुखाचे काम नाही. ज्या वर्षी पारा ५ अंशांच्या खाली उतरतो, त्या वर्षी गव्हाच्या पात्यांवरचे दव गोठून पांढरे होते, द्राक्षबागांत घड वाचवण्यासाठी शेकोट्यांचा धूर केलेला असतो आणि खराट्याची मूठ हातात धरवत नाही. आमच्या वस्तीवर एक डांगी गाय, एक संकरित गाय, एक म्हैस, आठ-नऊ संगमनेरी शेळ्या, पंधराएक गावरान कोंबड्या आणि एक राखणीचा कुत्रा आहे. गेली १९ वर्षे त्यांचे सकाळ-संध्याकाळचे काम मी करते. पहिली काही वर्षे मी हिवाळा नुसता उरकत होते. पुढे सासूबाईंचे काम जवळून पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. त्या माझ्याइतकेच काम माझ्याइतक्याच वेळात करत, परंतु जनावरापाशी ठरावीक ठिकाणी क्षणभर थांबत. आजारी जनावर त्यांना माझ्या आधी ओळखू येई ते त्या थांबण्यामुळेच, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसे तेही त्याच वेळी. हा लेख त्या थांबण्याच्या जागांविषयी आहे. गोठ्यात कोठे थांबावे, कशाला हात लावावा, काय पाहावे आणि त्यासाठी सवड कशी काढावी, हे मी माझ्या अनुभवातून सांगत आहे.

आदल्या संध्याकाळी

कुडकुडणाऱ्या माणसाला आनंद दिसत नाही. त्यामुळे पहिली तयारी स्वतःची करावी. गोठ्यात थंडी पायांतून चढते, म्हणून ओल्या चपलांऐवजी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि आत कोरडे लोकरी मोजे वापरावेत. कानांवरून रुमाल घट्ट बांधावा, परंतु अंगावर लोंबणारी शाल घेऊ नये, कारण ती शेणात बुडते, शिंगात अडकते आणि सारखी सावरावी लागते. कामाला लागण्यापूर्वी अर्धा कप का होईना, गरम चहा घ्यावा. सर्व काम आटोपल्यावर चहा घेण्याचा नेम मी पुष्कळ वर्षे पाळला. तो चुकीचा होता असे आता वाटते.

दुसरी तयारी वेळेची आहे. सकाळी दूध संकलन केंद्रावर पोहोचण्याची वेळ ठरलेली असते आणि सारी घाई तिच्यामुळे होते. पहाटेच्या कामांपैकी जी कामे रात्री करून ठेवता येतात ती रात्रीच करावीत: कुट्टी पाट्यांत भरून ठेवावी, सरकी पेंड भिजत घालावी, किटल्या धुऊन पालथ्या घालाव्यात, दोऱ्या व दावी एका खुंटीला अडकवावीत आणि बंबात पाणी भरून जळण रचून ठेवावे. एवढ्याने सकाळची १० ते १५ मिनिटे मोकळी होतात. या लेखात पुढे जे काही सांगितले आहे, ते सारे या १० ते १५ मिनिटांत बसते.

तिसरी तयारी गोठ्याची. ज्या बाजूने वारा येतो, म्हणजे आमच्याकडे बहुधा उत्तरेकडून, त्या बाजूला जनावराच्या पाठीच्या उंचीपर्यंत गोणपाटाचे पडदे बांधावेत आणि छपराखालची दीड फुटाची पट्टी मोकळी सोडावी. गोठा चारी बाजूंनी बंद करणे ही मोठी चूक आहे. मूत्राचा उग्र वायू आणि श्वासातला दमटपणा आत कोंडतो, आणि थंडीने जेवढी करडे-वासरे दगावत नाहीत तेवढी त्या कोंडलेल्या हवेने होणाऱ्या फुफ्फुसदाहाने दगावतात. पहाटे आत शिरताच जनावराच्या तोंडाच्या उंचीवर वाकून श्वास घ्यावा. डोळ्यांत चुरचुर झाली तर पडदे जास्त झाले आहेत असे समजावे. शेकोटी गोठ्यात कधीही करू नये, आणि बाहेर केली तरी कडब्याच्या गंजीपासून व वाऱ्याच्या रोखापासून दूर करावी.

बसण्याच्या जागेवर उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट चार बोटे जाडीचे पसरावे. ते पुरेसे कोरडे आहे का, हे ठरवण्यासाठी त्यावर स्वतः गुडघा टेकवून अर्धा मिनिट थांबावे. गुडघ्याला ओल लागली तर जनावराच्या कासेला रात्रभर तीच ओल लागणार आहे.

पहाट: हाताने पाहावे, मग डोळ्यांनी

अंधारात गोठ्यात शिरताना आधी आवाज द्यावा. प्रत्येक जनावराला रोज तोच शब्द, त्याच सुरात म्हणावा. गायी आणि म्हशी माणसाचा आवाज व पावलांची लय ओळखतात. आमची म्हैस दार उघडण्यापूर्वीच, कडी वाजताच दबक्या आवाजात हुंकारते. हा हुंकार वैरणीसाठी असतो हे मला ठाऊक आहे. तरीही दिवसाचा पहिला शब्द आपल्याला कोणीतरी वाट पाहत असल्यासारखा ऐकू यावा, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

यानंतर दिवा लावण्याची घाई करू नये. प्रत्येक जनावराच्या कानाच्या मुळाशी तळहात ठेवावा आणि त्याच हाताने गळ्याखालचे लोंबते कातडे एकदा चाचपावे. गायीच्या शरीराचे तापमान सुमारे १०१.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे माणसापेक्षा तीनएक अंश जास्त असते, त्यामुळे थंडीत आखडलेल्या बोटांना कानामागची जागा चुलीजवळच्या भिंतीसारखी ऊबदार लागते. माझा हिवाळ्यातला दिवसाचा पहिला आनंद हाच आहे, आणि तोच पहिला तपासही आहे. कान चटका लागेल इतका गरम लागला तर ताप मोजावा. नुकत्याच व्यालेल्या गायीचे कान बर्फासारखे गार लागले, ती मान कुशीकडे वळवून सुस्त बसलेली असली, तर रक्तातील कॅल्शियम घटल्याची शंका घेऊन पशुवैद्यकांना तत्काळ बोलवावे, कारण या आजारात काही तासांचा विलंबही जिवावर बेततो.

गाय उठते तेव्हा आधी मागचे पाय उभे करते, मग पुढचे. उठल्यावर पाठ ताणते आणि बहुधा लगेच शेण टाकते. ती उठून बाजूला झाली की जिथे ती रात्रभर बसली होती त्या जागेवर तळवे टेकवावेत. गुरे राखणारी लहान मुले पूर्वी अनवाणी पायांनी अशाच जागेवर उभी राहून पाय शेकत असत. ती ऊब जेमतेम दोन-तीन मिनिटे टिकते. ज्याला ती घ्यायची आहे त्याने शेण भरण्यापूर्वीच घ्यावी.

मग पाणी. हौदातले पाणी रात्रभरात इतके गार होते की जनावर दोन घोट घेऊन तोंड काढून घेते, आणि पाणी कमी प्यायले की दूध कमी होते. दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते, आणि १० लिटर दूध देणाऱ्या गायीला दिवसाकाठी ४० ते ६० लिटर पाणी लागते. विहिरीच्या खोल पाण्याचे तापमान मात्र वर्षभर फारसे बदलत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात गार वाटणारे तेच पाणी डिसेंबरच्या पहाटे कोमट वाटते. मोटार सुरू करून पहिली पाच मिनिटे पाइपात साचलेले पाणी पिकाकडे जाऊ द्यावे आणि त्यानंतरचे ताजे पाणी हौदात घ्यावे. गार हवेत त्यातून वाफ निघताना दिसते. म्हैस त्या वाफेत नाकपुड्या बुडवून एका दमात पिते, आणि तिच्या गळ्याखालून एकेक घोट उतरताना स्पष्ट दिसतो. हे घोट मोजावेत. मी मोजते, त्यामुळे कोणत्या दिवशी ती कमी प्यायली हे मला दूध मोजण्यापूर्वीच कळते. शेतीची वीज ज्या आठवड्यात रात्रपाळीची असते त्या आठवड्यात हे जमत नाही. तेव्हा बंबातल्या गरम पाण्याच्या दोन बादल्या हौदात ओतून भागवावे.

धार काढताना हात गरम असणे आवश्यक आहे. गार बोटे लागली की जनावर अंग चोरते आणि पान्हा आखडते. कोमट पाण्याने कास धुवावी, स्वच्छ फडक्याने लगेच कोरडी करावी आणि पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या वाटीत घेऊन त्यांत गाठी, पाणचटपणा किंवा रक्त नाही ना हे पाहावे. पान्हा सुटल्यानंतर ५ ते ७ मिनिटांत पूर्ण दूध काढून घ्यावे, अंगठा दुमडून न दाबता चारही बोटांच्या मुठीने काढावे. या कामात घाई आणि रेंगाळणे, दोन्ही चालत नाही, आणि म्हणूनच मन एका जागी राहते. कपाळ गायीच्या कुशीला टेकवून बसावे. आत पोटाची घरघर ऐकू येते, कपाळाला ऊब लागते आणि बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज भांडे भरत जाईल तसा बदलत जातो: रिकाम्या तळावर टणत्कार, मग भरीव नाद, मग फेसात बुडालेला मऊ आवाज. मी डोळे मिटून केवळ आवाजावरून सांगू शकते की लिटर झाले. सासूबाई अर्धा लिटरही सांगत असत.

थंडीत सडांना भेगा पडतात आणि त्या दुखल्या की शांत गायही लाथ मारते. धार काढून झाल्यावर सडांना लोणी किंवा खोबरेल तेल हलक्या हाताने लावावे. आपल्या भेगाळलेल्या बोटांनाही त्याच वेळी ते लागते. धारेनंतर सडाचे तोंड अर्धा तास उघडे राहते, म्हणून गाय लगेच बसू नये यासाठी तिच्यापुढे वैरण टाकावी.

नऊ वाजताचे ऊन

आमच्याकडे सर्वांत उशिराचा सूर्योदय २२ डिसेंबरला नसतो. जानेवारीच्या मध्यापर्यंत तो पुढे पुढेच जात राहतो, आणि तेव्हा सूर्य सात वाजून गेल्यावरच दिसतो. गोठ्यातल्या माणसाला हे डोळ्यांनी कळते. परंतु संध्याकाळचे गणित निराळे आहे: सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस, आणि त्यानंतर संध्याकाळ हळूहळू लांबू लागते. संक्रांतीपर्यंत संध्याकाळच्या धारेला सुमारे २० मिनिटांचा उजेड वाढलेला असतो. डिसेंबरात, ऐन थंडीत, ज्याला निराश वाटते त्याने रोज धार संपताना पश्चिमेच्या बांधावरचे झाड दिसते का, एवढेच पाहावे. आठवड्याभरात फरक ध्यानात येतो.

ऊन अंगणात उतरले की जनावरांना बाहेर बांधावे. म्हशीच्या अंगावर केस विरळ असतात, थंडी तिला गायीपेक्षा अधिक बाधते, म्हणून उन्हाची जागा आधी तिला द्यावी आणि धुणे दुपारी बारानंतरच करावे. हा अर्धा तास खराऱ्याचा, म्हणजे अंग घासण्याच्या दातेरी ब्रशचा आहे. हिवाळ्यात अंगावरचे केस दाट होतात, त्यांत शेणाचे पापुद्रे, गोचीड आणि उवा लपतात. खराऱ्याने ते निघतात, कातडीतले रक्ताभिसरण सुधारते आणि कोठे सूज, जखम किंवा गाठ आहे ते हाताला लागते. सुरुवात मानेपासून करावी, पाठीवरून शेपटीच्या मुळापर्यंत जावे आणि पायांवर जोर देऊ नये. गायी एकमेकींना चाटतात ते बहुतेक मानेच्या खालच्या बाजूला आणि खांद्याजवळ, जिथे त्यांची स्वतःची जीभ पोहोचत नाही. माणसानेही तिथेच खाजवावे. गाय मान लांब करते, कान बाजूला सैल सोडते, डोळे अर्धे मिटते आणि कधी खालचा ओठ लोंबू देते. आमची डांगी तापट आहे, अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही. तीच डांगी मानेखाली खराऱ्याचा हात थांबला की डोके वळवून माझ्या दंडाला हलकी ढुशी देते, म्हणजे आणखी हवे आहे. माझ्या साऱ्या दिवसात या ढुशीइतके मोलाचे दुसरे काही घडत नाही असे मी मनापासून म्हणू शकते.

शेळ्यांसाठी वेगळे काही करावे लागत नाही, केवळ त्यांच्यात बसावे लागते. त्या उन्हाला कुशी देऊन भिंतीशी ओळीने उभ्या राहतात आणि थोड्या वेळाने दुसरी कुशी देतात. जवळ बसल्यावर त्यांचे डोळे पाहावेत. भर उन्हात शेळीची बाहुली आडव्या फटीसारखी असते, आणि संध्याकाळी उजेड कमी होत गेला की तीच रुंदावत जवळजवळ गोल होते. मी इतकी वर्षे शेळ्या पाळून हे फार उशिरा पाहिले.

याच वेळी धोबी पक्षी येतात. हे हिवाळी पाहुणे आहेत. पावसाळा सरता सरता उत्तरेकडून येतात आणि मार्चच्या सुमारास परततात. जनावरांच्या खुरांमुळे उडणारे किडे टिपण्यासाठी पिवळे धोबी त्यांच्या पायांजवळ शेपटी हलवत धावतात, गायबगळे मागून चालतात आणि कोतवाल म्हशीच्या पाठीवर बसून येतो. आमच्याच तालुक्यातले नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ आहे आणि दुरून लोक दुर्बिणी घेऊन तिथे येतात. त्यांतले थोडे पाखरू जनावरे राखणाऱ्याला अंगणातच दिसते. पहिला धोबी ज्या दिवशी दिसेल तो दिवस टिपून ठेवावा.

लसूणघास कापण्यास मात्र उन्हाची वाट पाहावी. दवाने भिजलेला कोवळा घास उपाशी पोटी खाल्ल्यास जनावराचे पोट फुगते. आधी कडबा द्यावा आणि दव सुकल्यावर कापलेला घास मग द्यावा.

हिवाळी वेत

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडाशी लागलेल्या शेळ्या नेमक्या थंडीत वितात. नवजात करडू पोत्याने खसखसून कोरडे करावे, नाळ निर्जंतुक करावी आणि शक्यतो पहिल्या तासाभरातच त्याला चीक, म्हणजे व्याल्यानंतरचे पहिले घट्ट दूध, पाजावा. पाजण्यापूर्वी त्याच्या तोंडात स्वच्छ बोट घालून पाहावे. तोंड आतून गरम असेल तर करडू लगेच बोट चोखू लागते. त्या इवल्या जिभेची ओढ अनपेक्षित जोराची असते आणि ती जाणवताच आपलाच जीव भांड्यात पडतो. तोंड आतून गार असेल आणि मान धरवत नसेल, तर दूध ओतू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अशा करडाला आधी गोधडीत गुंडाळून, गरम पाण्याच्या बाटल्यांजवळ ठेवून, ऊब आणावी आणि चोखण्याची ओढ परत आल्यावरच पाजावे.

गायीच्या वासराला त्याच्या वजनाच्या सुमारे दहाव्या भागाइतका चीक पहिल्या दिवसात मिळाला पाहिजे. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. त्याचे पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस करावा आणि शेजारी द्यावा. वासराचे पोट अर्धे ठेवून केलेला खरवस मला गोड लागत नाही.

झूल घरीच शिवता येते. गोणपाटाचे पोते उसवून पसरावे, आतल्या बाजूला जुन्या लुगड्याचे अस्तर लावावे, छातीखाली व पोटाखाली कापडी पट्ट्या बांधाव्यात, सुतळी बांधू नये कारण ती काचते. झूल रोज सकाळी काढून उन्हात टाकावी. ओली झूल अंगावर असण्यापेक्षा झूल नसलेली बरी. चार-पाच दिवसांची करडे झुलीसकट अंगणात सोडली की आधी दोन मिनिटे दबकून उभी राहतात, मग एक जागच्या जागी चारही पायांवर उसळते आणि पाठोपाठ सगळी उसळू लागतात. त्या वेळी हातातले घमेले खाली ठेवावे. घमेले पाच मिनिटांनी उचलले तरी चालते.

कोंबड्यांविषयी थोडक्यात सांगायचे, तर आमच्याकडे डिसेंबरातला दिवस ११ तासांहून किंचित लहान असतो आणि उजेड घटला की अंडी घटतात. त्यांना दाणे थोडे वाढवून द्यावेत, खुराड्यात कोरडा भुसा घालावा आणि धीर धरावा. दिवस वाढू लागल्यावर जे पहिले ताजे, कोमट अंडे हातात येते, ते थोडा वेळ मुठीत धरून मगच टोपलीत ठेवावे.

संध्याकाळ आणि रात्र

हिवाळ्यात सुका चारा संध्याकाळी जास्त द्यावा. कडब्यासारखा तंतुमय चारा गायीच्या मोठ्या पोटात आंबताना उष्णता निर्माण होते आणि रात्रीच्या थंडीत ती तिच्या उपयोगी पडते. म्हणजे रात्री गव्हाणीत टाकलेली पेंढी ही एका अर्थी आतून पेटवलेली शेकोटीच असते.

खाऊन झाल्यावर तासाभराने पुन्हा एक फेरी मारावी. या वेळी करायचे काही नसते. जनावरे बसलेली असतात आणि रवंथ करत असतात. एका गायीसमोर बसून तिच्या गळ्याकडे पाहावे. घास वर येताना मानेत एक लाट दिसते; मग ती तो घास ४० ते ६० वेळा चावते, क्षणभर थांबते, गिळते, आणि दुसरी लाट वर येते. हे चावणे मोजावे. निरोगी गाय दिवसाकाठी सात-आठ तास रवंथ करते, आणि संख्या एकाएकी फार कमी झाली किंवा रवंथ थांबलेच, तर पोटात काही बिघडले आहे असे समजावे. परंतु खरे सांगायचे तर मी आता त्यासाठी मोजत नाही. दिवसभराची बोलणी, हिशेब, मुलांच्या शाळेची फी, कांद्याचा भाव हे सारे पन्नासाव्या चावण्यापर्यंत डोक्यातून उतरलेले असते. म्हशीच्या बाबतीत या फेरीचा आणखी एक उपयोग आहे. तिचा माज, म्हणजे फळण्याची वेळ, बहुधा हिवाळ्यातच येतो, तो पुष्कळदा मुका, म्हणजे हंबरण्याशिवायचा, असतो आणि रात्री किंवा पहाटे दिसतो. बळस (योनीतून येणारा चिकट स्राव), अस्वस्थपणा, वारंवार लघवी ही लक्षणे या शांत फेरीतच ध्यानात येतात.

बाहेर पडताना आकाश पाहावे. डिसेंबरच्या मध्यावर संध्याकाळी साडेसातला मृग नक्षत्र पूर्वेला उगवलेले असते, पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांसकट. त्याच्या वर कृत्तिकांचा पुंजका असतो. पहाटे पाचला पुन्हा गोठ्याकडे येताना तोच मृग पश्चिमेला मावळायला टेकलेला असतो, डोक्यावर मघा आणि पूर्वेला स्वाती असते. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीकडून उल्का पडताना दिसतात आणि त्यासाठी आमच्यासारख्यांना मुद्दाम जागरण करावे लागत नाही.

खरिपाची शेते मोकळी झाली की एखाद्या वर्षी आमच्या रानात धनगरांचा वाडा, म्हणजे कळपासह फिरणारा मुक्काम, उतरतो आणि मेंढ्या खतासाठी बसवल्या जातात. तुमच्या शिवारात वाडा असेल तर दिवेलागणीला तिथे जावे. दिवसभर वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत ठेवलेली कोकरे आणि चरून आलेल्या मेंढ्या एकमेकांना हाका मारत असतात, शेकडो आवाज एकात मिसळलेले असतात, आणि वाघर उघडताच प्रत्येक मेंढी आवाज आणि वासावरून स्वतःचे कोकरू शोधून काढते. पाचएक मिनिटांत सारा कालवा शांत होतो आणि दूध पिणाऱ्या कोकरांच्या शेपट्या तेवढ्या हलत राहतात.

ज्या दिवशी काहीच गोड लागत नाही

असे दिवस येतात आणि ते लपवू नयेत. एका जानेवारीत थंडीच्या भीतीने मी शेळ्यांचा कप्पा प्लास्टिकने पूर्ण बंद केला आणि चार रात्रींत दोन करडे फुफ्फुसदाहाने गेली. वर पडद्यांविषयी जे आग्रहाने लिहिले आहे ते त्यानंतरचे शहाणपण आहे. त्या आठवड्यात मला ना धारेचा आवाज ऐकू आला ना धोबी दिसला. अशा वेळी स्वतःवर आनंदाची सक्ती करू नये. काम मात्र त्याच क्रमाने करावे: हाक द्यावी, कानामागे हात ठेवावा, पाणी पाजावे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, करडे गमावलेली ती शेळी माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून बराच वेळ उभी राहिली. तिला काय वाटत होते हे मी सांगू शकत नाही. मला बरे वाटले.

चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि बाजरीचे रोडगे यांचा नैवेद्य झाला की खंडोबाचे जनावर म्हणून कुत्र्याला पहिला घास देण्याची आमच्याकडे रीत आहे. राखणीच्या कुत्र्याकडे एरवी कोणी फारसे पाहत नाही, म्हणून हा दिवस चुकवू नये. आणि त्याच दिवशी त्याच्या झोपण्याच्या जागी एक कोरडे पोते टाकावे.

दिनदर्शिकेचा चौकोन

भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनात दुधाचे लिटर, फॅट आणि पेंडीच्या पोत्याचा हिशेब बहुतेक घरांत लिहिला जातो. त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात दोन-तीन शब्द त्या दिवसाविषयी लिहावेत. लांब लिहू नये, कारण लांब लिहिण्याचा नेम आठवड्यात मोडतो. माझ्या जुन्या दिनदर्शिकांत «धोबी आला», «म्हशीने ३१ घोट», «रवाळ तूप», «करडे उडाली», «काहीच नाही» अशा नोंदी आहेत. जुनी दिनदर्शिका टाकून देऊ नये. पुढच्या हिवाळ्यात त्याच तारखेचा चौकोन उघडून पाहावा, म्हणजे पहिला हुरडा, पहिले अंडे किंवा पडदे बांधण्याचा दिवस कधी होता हेही कळते.

महाशिवरात्रीच्या सुमारास थंडी निघून जाते. त्या आठवड्यात पडदे एकदम न काढता आधी दिवसा गुंडाळावेत आणि मग उतरवावेत. झुली सोड्याच्या पाण्यात धुवाव्यात, दोन दिवस कडक उन्हात वाळवाव्यात, फाटलेल्या पट्ट्या तेव्हाच शिवून घ्याव्यात आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून माळ्यावर ठेवाव्यात. पाचटाचा अंथरलेला थर उकिरड्यावर न्यावा. झूल पहिल्यांदा कायमची काढतो त्या दिवशी वासरू सकाळभर खांबाला अंग घासते. त्याला तेवढा वेळ तिथेच सोडावे.